मूठ बंद करा

कलिन्यात, चर्चच्या मागच्या गल्लीत,
शिंप्याच्या दुकानावरचा लोखंडी जिना चढून गेलं
की मिस्किटा सरांची खोली.
दर शनिवारी साडेचार ते साडेपाच.
फी पाकिटात घालून पियानोवर ठेवायची.
सर पैसे मोजत नाहीत.
मोजतात फक्त चार, आणि पुन्हा चार.

विमान उतरायला आलं की तावदानं थरथरतात,
सर पंजा तारांवर पालथा ठेवतात:
'थांब. हे पन गान्यातच हाय.'
तासाला सोळा-सतरा विमानं.
मी थांबायला आधी शिकले, वाजवायला नंतर.

माझं वय विचारलं नाही त्यांनी. हात मागितला.
डावा. बोटांची टोकं दाबून पाहिली,
मी दिवसभर लोकांचे कोपर पाहते तशी.
'मऊ हाय,' म्हणाले. 'महिनाभर रडशील.'

मी रडले नाही. बावीस वर्षं रक्त काढते मी,
सांताक्रूझच्या लॅबमध्ये, सकाळी साडेसहापासून.
डोळे मिटून शीर सापडायची मला.
डाव्या तर्जनीला कळायचं
कातडीखाली कुठे उसळी आहे
आणि कुठे नुसती निळी फसवणूक.
केमोची माणसं, तान्ही बाळं, भित्रे पोलीस,
ठोंबरे मॅडम माझ्याच खुर्चीकडे पाठवायच्या.

सी आला. जी आला. ए मायनर तर
आधीपासून घरात राहत असल्यासारखा आला.
एफ येईना. एफला एकच बोट सहाही तारांवर
आडवं टाकावं लागतं, उंबऱ्यासारखं,
आणि माझ्या उंबऱ्याला ठेचकाळून
निम्मे सूर आतच पडायचे.

टोकं आधी लाल झाली, मग सोलली, मग निबर.
मार्चमध्ये एका बाईचा दंड बांधला, बोट ठेवलं,
आणि काहीच नाही.
भिंतीवर ठेवल्यासारखं.
दोनदा टोचलं. सॉरी म्हणाले,
तेही तिला ऐकू जाणार नाही इतकं हळू.

सरांना सांगितलं. ते हसले नाहीत.
स्वतःची बोटं पुढे केली. साखर तपासायची सुई
त्यांच्या डाव्या हातात शिरतच नाही.
'देव एका हातानं देतो,' म्हणाले, आणि पुढचं विसरले.
किंवा विमान आलं.

गाताना माझा आवाज वर जाऊन फाटायचा.
शाळेच्या प्रार्थनेत ठेवून आले होते,
तिथेच शोधत होते मी तो.
'गाऊ नको,' सर म्हणाले. 'पेशंटला काय सांगतेस, ते सांग.'
मी सांगितलं:
मूठ बंद करा.
तिकडे बघा.
मुंगी चावल्यासारखं होईल.
झालं.
त्यांनी खालून हळूच ए मायनर धरला होता,
मला उशिरा कळलं.
'हा तुझा आवाज. आता घरी जाऊन गानं लिही.'

रद्द रिपोर्टांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते.
नवऱ्याने विचारलं, यमक? म्हटलं, बघू.
पहिल्या कडव्यात होडावडेकर, जे तिकडे बघत नाहीत,
नळी भरेपर्यंत आपल्या रक्ताकडेच बघतात,
दूधवाल्याच्या मापाकडे बघावं तसे.
दुसऱ्यात ती मुलगी,
'रिपोर्ट घरच्या नंबरवर नको' म्हणणारी,
जिने जाताना कापूस परत मागितला.
तिसरं येत नाही.
'मूठ सोडा' हेही मी रोज म्हणते,
पण ते गाण्यात कुठे घालायचं कळत नाही.
सर म्हणतात, राहू दे उघडं.

सध्या शीर करंगळीने शोधते.
ती अजून कोवळी आहे, सगळ्या कॉर्ड्समधून सुटलेली.
अवघडून वाकवावी लागते, पण तिला लागतं.
ठोंबरे मॅडमनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

परवा सरांनी वहीचं पान उलटलं,
पेन्सिलीने चौथ्या बोटावर गोल केला.
'आता करंगळी.'
मी हात मांडीवर ठेवला
आणि खिडकीकडे बघत राहिले.
नेमकं एकही विमान येईना.